तापीचा काठ साफ करायचा असेल तर: गोणी हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रश्न यावल तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून आला आहे. गणेश मंडळातली चाळीसेक मुलं-मुली मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याच्या सफाईबद्दल वाचून कामाला लागायच्या तयारीत आहेत. गावचा घाट ते नाल्याचं तोंड, साधारण अर्धा किलोमीटर काठ साफ करायचा आहे. पैसा फारसा नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली मिळेल. काय काय लागेल, सुरुवात कुठून करायची, आणि पुढच्या वर्षी परत तेच चित्र दिसू नये म्हणून काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: भरलेली प्रत्येक गोणी काठावरून निघाल्यावर शेवटी कुणाच्या हातात जाणार? याचं उत्तर मिळेपर्यंत सफाईची तारीख जाहीर करू नका. उत्साहाने साठ-सत्तर गोण्या भरल्या जातात, त्या स्मशानाच्या मागे किंवा गावठाणाच्या टोकाला रचून ठेवतात, कुत्री-डुकरं त्या फाडतात आणि मृगाच्या पहिल्या सरींत सगळं नाल्यातून परत नदीत जातं. बहुतेक मोहिमा इथेच वाया जातात. मुलांची मेहनत कुठेच कमी पडलेली नसते.

वर्सोव्याची सफाई अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केली, पुढे तिथे महापालिकेची यंत्रं आणि गाड्याही मदतीला आल्या. समुद्राचं गणितही वेगळं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज नवा कचरा आणून टाकते, म्हणून तिथे आठवड्याला काम करावं लागतं. आपल्याकडे नदी वर्षातून दोन-चार पुरांत सगळं आणते आणि उरलेले आठ महिने कचरा माणसंच टाकतात. त्यामुळे आपलं वेळापत्रक पुराचं आणि सणांचं असायला हवं. किनारा सफाईचा जागतिक दिवस सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. त्या दिवशी तापीत उतरायचं नाही. वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे त्या काळात कधीही उघडतात, आणि तेही आपल्या डोक्यावर ऊन असताना, कारण पाऊस बैतूल, बऱ्हाणपूर, अकोला, अमरावतीकडे पडलेला असतो. जून ते सप्टेंबर पात्रात कुणी जायचं नाही, हा नियम मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मोठी सफाई वर्षातून दोनदा पुरते. पहिली दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाणी उतरून काठ सुकल्यावर. पुराने आणलेलं आणि विसर्जनाचं उरलेलं तेव्हा एकदम दिसतं. दुसरी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर, मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे पावसाआधी पात्र मोकळं होतं. मधल्या काळात घाटावर महिन्यातून एक सकाळ, आठ-दहा जणांनी. हिवाळ्यात साडेसात ते साडेदहा. उन्हाळ्यात सहा ते साडेआठ, त्यापुढे एक मिनिटही नाही. ४४-४५ अंशांच्या दिवसांत नदीतली वाळू आणि दगड नऊ वाजताच तापतात, आणि वाकून काम करणाऱ्याला ऊन लागल्याचं कळत नाही. चाळीस जणांना किमान चार २० लिटरचे जार, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस, आणि प्रत्येकाच्या डोक्याला उपरणं.

आता परवानगी. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, तलाठ्याला आणि पोलीस पाटलांना कळवा, आणि हतनूरच्या पाटबंधारे कार्यालयातून विसर्गाची सूचना कुणाला मिळते त्याचा फोन नंबर मिळवा. काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी, दोन्ही वेळा विचारून घ्या. जेसीबी पात्रात उतरवू नका. वाळू गौण खनिज आहे, चाळलेली वाळूसुद्धा घमेलंभर वर न्यायची नाही, जागेवरच पसरायची. जेसीबीने आणखी एक नुकसान होतं: कचऱ्यासोबत काठावरचं गवत आणि झुडपं निघून जातात. तापीचा काठ खोल गाळाच्या मातीचा, घळी पडलेला, उभा. गवत गेलं की पुढच्या पुरात तो सुटतो. याच कारणाने काठाच्या कापलेल्या, पुढे झुकलेल्या भिंतीखाली कुणाला बसू देऊ नका, सावली कितीही चांगली असली तरी. दरडी आवाज न करता खाली येतात.

काम सुरू करण्याच्या आठ-दहा दिवस आधी चार जणांनी काठ चालून पाहायचा. कचरा सारखा पसरलेला नसतो. पुराची रेघ बघा: बाभळीच्या फांद्यांवर चिंध्या आणि पिशव्या जिथवर लटकल्यात तिथवर पाणी आलं होतं. वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबांमागे आणि नाला नदीला मिळतो तिथे ढीग सापडतील. घाटावरचा माल वेगळा, नाल्यातला वेगळा, शेताच्या बांधाखालचा तिसराच. या तीन जागांचा तीन वेगळ्या पद्धतींनी विचार करायचा. शंभर-शंभर मीटरचे टप्पे पाडून दगडावर चुन्याने खूण करा आणि प्रत्येक खुणेवरून एकाच दिशेने फोटो काढा. पुढच्या वर्षी तुलना करायला हेच फोटो उपयोगी पडतात. फिरताना टिटवीची अंडी दिसली तर ती जागा सोडून द्या. उघड्या खडीत, नुसत्या खळग्यात ती घालते. मे महिन्यात हे हमखास होतं.

सामान. गोण्या विकत आणू नका, सरकी ढेपेच्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या गावात भरपूर असतात. चाळीस जणांना शंभर गोण्या धरा. कीटकनाशकाची पोती घेऊ नका. भरलेली गोणी उन्हात महिनाभर ठेवली की तीच फाटून प्लास्टिकचे तंतू होते, म्हणून तीन-चार दिवसांच्या वर पडू द्यायची नाही. हातमोजे दवाखान्यातले पातळ चालत नाहीत, पहिल्याच काट्याला फाटतात. तळहाताला रबर लावलेले विणलेले मोजे घ्या. ओले कपडे आणि गाद्या काढणाऱ्या चौघा-पाचांना कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे. पायात बंद बूट हवेत. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, आणि गमबूट गाळात रुतून पाय बाहेर निघतो व बूट आत राहतो. सहा दाताळी, चार फावडी, दोन पहारी, विळे, आणि सहा-सात फुटी बांबूंना टोकाला लोखंडी आकडी बसवून अशा पाच-सहा काठ्या. गवंड्याची वाळू चाळायची चाळणी एक. एक मोठी ताडपत्री, वजनाचा लटकता काटा, आणि झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा, त्यावर लाल खूण.

त्या डब्याचं आधी सांगतो. नाल्यातून सुया आणि सिरिंजा येतात. घरी इन्सुलिन घेणारे, जनावरांना टोचणारे, सगळ्यांच्या. त्या चिमट्यानेच उचलायच्या, टोपण लावायचा प्रयत्न करायचा नाही, थेट डब्यात टाकायच्या. डबा प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा, तिथे आधी बोलून ठेवायचं. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो. धनुर्वाताची लस सगळ्यांनी मोहिमेआधीच घेतलेली असावी. पायाला उघडी जखम असेल त्याने पाण्यात उतरायचं नाही, त्याला वर वर्गीकरणाला बसवा.

सापाचं असं: पसरलेली ताडपत्री, गादी किंवा मल्चिंगचा (पिकाच्या बुडाशी जमिनीवर अंथरायचा) प्लास्टिक कागद उचलताना स्वतःकडची कड कधीच उचलू नका. आकडीने पलीकडची कड पकडायची आणि आपल्याकडे ओढत उचलायची. म्हणजे उघडलेली बाजू समोर राहते, वस्तू तुमच्या आणि सापाच्या मध्ये आडवी येते, आणि साप पुढे निघून जातो. दंश झालाच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. माणसाला चालू देऊ नका, पाय किंवा हात फळीला बांधून हलू देऊ नका, आणि १०८ ला फोन. सापाचं औषध जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. मेलेलं जनावर सापडलं तर हात लावायचा नाही, ग्रामपंचायतीला कळवायचं.

चाळीस जणांची वाटणी साधारण अशी बसते: वीस-बावीस जण जोडीजोडीने वेचायला, आठ जण वर ताडपत्रीवर वर्गीकरणाला, सहा-सात जण गोण्या वर आणायला, दोघे पाणी आणि प्रथमोपचार, एक जण वहीत वजन लिहायला. प्रत्येक जोडीकडे दोन गोण्या, एकीत सुकं प्लास्टिक, दुसरीत बाकीचं. काच वेगळ्या घमेल्यात. काठ उंच असेल तर गोण्या पाठीवर घेऊन चढू नका. घाटाच्या पायऱ्यांवर हाताच्या अंतराने उभं राहून साखळी करा, त्यासाठी शेवटचा पाऊण तास सगळ्यांनी वेचणं थांबवायचं. सुक्या कचऱ्याची गोणी सात-आठ किलोंची भरते, पण ओल्या कपड्यांची पंचवीसच्या वर जाते. कपड्यांची गोणी अर्धीच भरा. अडीच तासांत एक ट्रॉली भरते, दोन भरतील असं समजून ट्रॅक्टर सांगून ठेवा.

आता घाट. इथला कचरा श्रद्धेचा आहे, हे मनात ठेवूनच हात लावायचा. निर्माल्य, देवादिकांच्या तसबिरी, कानबाईच्या (खानदेशातली देवी) विसर्जनाचे नारळ आणि वस्त्रं, दशक्रियेचे कपडे, गाद्या, मडकी. कामाआधी गुरुजी, नाभिक बांधव आणि गावातली दोन-चार वडीलधारी माणसं यांच्याशी बोलून घ्या. "आम्ही फेकत नाही, नीट मार्गी लावतोय," एवढं त्यांच्या तोंडून गावात गेलं की निम्मा विरोध मावळतो. तसबिरी घाटावरच सोडवायच्या: मागचे खिळे पक्कडीने काढा, काच घमेल्यात, पुठ्ठा आणि लाकडी पट्टी वेगळी, चित्र वेगळं घडी करून. मूर्ती गोणीत कोंबायच्या नाहीत, ट्रॉलीत कापड अंथरून उभ्या ठेवायच्या.

निर्माल्याचं खत गावातच होतं. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच विटांची टाकी, विटांमध्ये हवेला फटी. तळाला काड्या, मग सहा इंच निर्माल्य, दोन इंच सुका पाला, त्यावर शेणकाला शिंपडायचा, असे थर. आठवड्याला एकदा उलटापालट. पन्नास-साठ दिवसांत खत तयार. अडतं ते निवडण्यात. हारातला नायलॉनचा दोरा, चमकीची पट्टी, कापराच्या पुड्यांचे कागद, अगरबत्तीच्या काड्या, पिना, हे एकेक काढावं लागतं, आणि नारळाची करवंटी व शेंड्या वेगळ्या. चार जणांना दोन तास लागतील, गडबड करू नका. वास सुटला तर पाणी जास्त झालंय, सुका पाला वाढवा. गावातल्या हार बनवणाऱ्याला सुती दोरा वापरायला सांगितलं तर पुढचं निम्मं काम वाचतं.

पाणी उतरल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती उघड्या पडतात, कारण ते पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. घरच्या लहान मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेट चालतं: मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर, मूर्ती बुडेल एवढं पाणी, प्लास्टिकचा टब. लोखंडी घंगाळ नको. उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास सुटतो. दिवसातून तीन-चारदा ढवळलं की दोन-तीन दिवसांत खाली खडूसारखा चुना बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. ते पातळ करून झाडांना घालता येतं, पण रंगांमुळे भाजीपाल्याला घालू नका. मोठ्या मूर्तींना हा उपाय परवडत नाही. त्यासाठी विसर्जनाआधीच मंडळाने शाडूची किंवा कायमची मूर्ती ठरवणं हाच मार्ग, आणि तुम्ही स्वतः गणेश मंडळच असल्याने ही सुरुवात तुमच्याच मांडवात होऊ शकते.

ओले कपडे हा सगळ्यात अवघड माल. भंगारवाला घेत नाही, लवकर कुजत नाहीत, गाळाने जड झालेले असतात. ओढून निघाले नाहीत तर दोन बाजूंनी खणा, ताकद लावल्यास फाटतात आणि अर्धे आत राहतात. दोन दिवस बांधावर उन्हात वाळवा, वजन निम्म्याहून खाली येतं, मग जवळच्या नगरपरिषदेच्या घनकचरा प्रकल्पात द्या. त्यासाठी लेखी संमती आधीच घ्या. घाटावर ४ फूट चौरस, ४ फूट उंच जाळीचा पिंजरा कपड्यांसाठी ठेवला तर लोक त्यात टाकतात, पण तो पंधरा दिवसांत रिकामा झालाच पाहिजे. भरून वाहायला लागला की लोक पुन्हा पाण्याकडे वळतात.

शेतीचा माल आपल्या भागाचा खास, आणि याकडे किनारा सफाईच्या माहितीत सहसा लक्ष दिलेलं सापडत नाही. केळीच्या घडांवरच्या स्कर्टिंग बॅगा, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपर, खुंट बांधायच्या पट्ट्या, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या. स्कर्टिंग बॅग उन्हाने कुजकी होते. गाळातून वर आलेलं टोक धरून ओढलं की हातात पांढरी लोकर येते आणि बाकीची मातीत तशीच राहते. टोक धरायचंच नाही. फावडं वीतभर लांबून तिरकं घालायचं, ढेकळासकट उचलायचं, उन्हात ठेवायचं. माती सुकून भुगा झाली की बॅग झटकून अख्खी निघते. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर तीही निघणार नाही, म्हणून या बॅगा दिवाळीच्या फेरीतच काढा.

ठिबकच्या काळ्या नळ्यांना भाव येतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या प्लास्टिकचा दाणा आणि त्यापासून चटया बनतात, त्यामुळे साफ, एकजिनसी माल भंगारात सहज जातो. एकजिनसी म्हणजे काय ते ओळखायला पाण्याची बादली पुरे: ठिबकची काळी नळी (लॅटरल) आणि बाटलीचं झाकण तरंगतं, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि पाण्याची बाटली बुडते. बाटलीत हवा राहू देऊ नका, नाहीतर फसाल. पीव्हीसीचे चार तुकडे जरी लॅटरलमध्ये गेले तरी वितळवताना सगळा घाणा बिघडतो, आणि पुढच्या वेळी भंगारवाला तुमचा माल बघणारही नाही. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चमकदार पाकिटं यांना कुणी घेत नाही. पंचायत समितीत तालुक्याच्या प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची चौकशी करा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तशी तरतूद आहे.

औषधांच्या बाटल्या मात्र भंगारात कधीही घालू नका, त्यांची झाकणं उघडू नका, नदीत धुऊ नका. वेगळ्या गोणीत भरून कृषी केंद्राकडे परत देण्याची बोलणी करा. तालुका कृषी अधिकाऱ्यांना पत्रात कळवलं तर विक्रेता टाळाटाळ करत नाही.

आणि काहीही झालं तरी जाळायचं नाही. संध्याकाळ होते, दोन ट्रॉल्या उरतात, आणि कुणीतरी काडी लावतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आहे आणि ५,००० रुपये दंड ठरवला आहे. दंड राहू द्या, पीव्हीसी आणि औषधांच्या बाटल्या जाळल्याचा धूर ज्यांच्या घरात जाईल ती घरं गावातलीच आहेत.

पुन्हा कचरा येऊ नये यासाठी नाल्याचं तोंड अडवा. ऑक्टोबर ते मे बारीक धार असते तेव्हा बांबूच्या चौकटीला दोन इंची जाळी बांधून ती धारेला आडवी न लावता तिरकी लावायची, म्हणजे कचरा सरकत एका काठाला जमतो आणि तिथून दाताळ्याने ओढता येतो. वरच्या अंगाचं टोक जाड दोराने झाडाला, खालच्या अंगाचं बारीक सुतळीने खुंटीला. अवकाळी पाऊस आला तर सुतळी तुटते, जाळी दारासारखी उघडून काठाला लागते, वाहून जात नाही. दोन्ही बाजू पक्क्या बांधल्या तर कचऱ्याने तुंबून पाणी शेजारच्या शेतात शिरतं आणि शेतकरी जाळी कापून टाकतो, जे रास्तच आहे. दोन दिवसांआड जाळी साफ करायला नावानिशी दोघांची पाळी लावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती पूर्ण काढून घरी आणायची.

वहीत रकाने ठेवा: तारीख, टप्पा, मालाचा प्रकार, वजन, कुणाला दिला, पावती. दोन फेऱ्यांनंतर वही सरपंचांपुढे उघडा. एकूण वजनात कपडे जास्त आहेत, की नाल्यातलं प्लास्टिक, की बांधावरचा ठिबक, हे तिथे दिसतं, आणि ग्रामसभेत घंटागाडीसाठी पैसे मागायचे, की पिंजऱ्यासाठी, की कृषी केंद्रावाल्याला बोलवायचं, हे त्यावरून ठरतं. पहिल्या फेरीला अर्धा किलोमीटर घेऊ नका. घाट आणि नाल्याचं तोंड एवढंच घ्या, सगळा माल आठवड्याच्या आत योग्य जागी पोचवा, मग पुढचे शंभर मीटर.